वीर्यतपासणीनंतर पुढे काय: ऑपरेशन, इक्सी की थांबायचं? खर्चाचा हिशोब मांडायला मदत हवी (पुणे)

धायरीकर | ११ जून, रात्री ११:२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरातला आहे पण घरात बोलता येत नाही, म्हणून इथे.

मी ३४, बायको ३२. लग्नाला साडेपाच वर्षं झाली, गेली अडीच वर्षं चान्स घेतोय. मी भोसरीला फोर्जिंगच्या कारखान्यात आहे, ती शाळेत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला ८२,००० हातात येतात, त्यातले २६,००० फ्लॅटच्या हप्त्याला जातात. साठलेले २ लाख ७० हजार आहेत.

जी गोष्ट सांगायची लाज वाटते ती आधी लिहितो. या अडीच वर्षांतले पहिले सोळा महिने सगळ्या तपासण्या फक्त तिच्या झाल्या. दर महिन्याला सोनोग्राफी, हार्मोन्स, मग नळ्या उघड्या आहेत का ते बघायची एक्स-रे तपासणी, एचएसजी. एचएसजीच्या दिवशी ती रिक्षात माझा हात धरून रडली होती. त्यानंतर दुर्बिणीचं ऑपरेशन, त्याचे ६२,०००. सगळं नॉर्मल निघालं. एकूण १ लाख १८ हजार गेले आणि त्या सोळा महिन्यांत त्या दवाखान्यात मला कुणी साधी वीर्यतपासणी करा म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टर बदलल्यावर पहिल्याच भेटीत नव्या डॉक्टरांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. तपासणीचे ९०० रुपये.

रिपोर्ट असा: २.१ मिली, ९० लाख प्रति मिली, हालचाल २८ टक्के, नॉर्मल आकार ३ टक्के. सात आठवड्यांनी परत केली, साधारण तेच आकडे आले.

तिथून आम्हाला एका आयव्हीएफ सेंटरला पाठवलं. तिथे मला कुणी तपासलं नाही. रिपोर्ट बघून समुपदेशक बाईंनी छापील कागद पुढे केला. इक्सी (लॅबमध्ये एकेका अंड्यात एक शुक्राणू सुईने सोडतात ते) १,८५,०००, इंजेक्शनं वेगळी, भ्रूण गोठवणं वेगळं, या आठवड्यात नाव नोंदवलं तर १५,००० कमी. आम्ही विचार करून सांगतो म्हणून आलो. चार दिवसांत सहा फोन आले.

मित्राच्या मेहुण्याचं व्हेरिकोसीलचं (वृषणाच्या शिरा फुगतात त्याचं) ऑपरेशन झालं होतं, तो म्हणतो आधी ते बघ. आई म्हणते थांबा, होईल. पैसे एकदाच काहीतरी करण्याइतके आहेत. कुठून सुरुवात करू?

---

गुलबाक्षी | १२ जून, सकाळी ७:४५

धायरीकर, आधी एक सांगते. तुम्ही हे लिहिलंत हेच मोठं आहे. माझ्या नवऱ्याला हे शब्द तोंडातून काढायला दोन वर्षं लागली होती.

दुसरी तपासणी केलीत ते फार बरं केलंत. आमची गोष्ट ऐका. गणपतीत ह्यांना डेंग्यू झाला, चार दिवस १०३ ताप. दिवाळीच्या आधी तपासणी केली तर काउंट ४० लाख. आम्ही हादरलो. सेंटरने लगेच इक्सीची तारीख दिली, २०,००० आगाऊ भरायला सांगितले. आमच्या ओळखीच्या एक वयस्कर डॉक्टर आहेत, त्यांनी एवढंच विचारलं की गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पुढे बाहेर पडेपर्यंत आणखी थोडे दिवस. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीच्या अंगाचा असतो. जानेवारीत परत केली, ३ कोटी १० लाख. मार्चमध्ये पाळी चुकली.

तुमचे दोन्ही रिपोर्ट सारखे आहेत, त्यामुळे तुमचं प्रकरण वेगळं असेल. पण त्याआधीच्या महिन्यांत ताप, मोठा आजार, स्टेरॉइड असं काही झालं होतं का ते आठवून बघा.

---

स्लाइडखाली | १२ जून, सकाळी १०:१०

लॅबमध्ये चौदा वर्षं वीर्यतपासणीच करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार काय घ्यावा हे सांगणार नाही. रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी आहे: १.४ मिली, १ कोटी ६० लाख प्रति मिली, एकूण हालचाल ४२ टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. हा परीक्षेतला पासाचा आकडा नाही. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांची मोजणी केली आणि त्यांतले तळाचे ५ टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणून रेघेखालच्यांनाही मुलं होतात आणि रेघेवरच्यांनाही अडचण येते. आकार ३ टक्के बघून घाबरू नका. ४ हीच मर्यादा आहे आणि तो आकडा लॅबगणिक, बघणाऱ्यागणिक बदलतो.

तुम्ही एक गुणाकार करा. मिली गुणिले काउंट गुणिले हालचाल. २.१ × ९० लाख × ०.२८, म्हणजे सुमारे ५३ लाख हलते शुक्राणू. उपचार ठरवताना डॉक्टर बहुतेक याच आकड्याकडे बघतात. १० लाखांच्या खाली असेल तर इक्सीची भाषा लगेच सुरू होते. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, आणि या पट्ट्यातच निर्णय खरा अवघड असतो.

नमुना देताना २ ते ७ दिवस संबंध टाळलेले हवेत, दोन्ही वेळेला दिवस साधारण सारखे हवेत. नमुना सांडला असेल तर तसं सांगा. पुष्कळजण लाजेने सांगत नाहीत आणि कमी आकड्यावर पुढचे लाखभर रुपये ठरतात.

---

मुठाकाठ | १२ जून, दुपारी १:३०

धायरीकर, तुमच्या पोस्टमधलं 'मला कुणी तपासलं नाही' हे वाक्य वाचून थांबलो. माझंही तेच झालं होतं.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगणं, पायांच्या शिरा फुगतात तसंच. बहुतेक डाव्या बाजूला. साधारण १५ टक्के पुरुषांना असतं आणि बऱ्याच जणांना काही त्रास होत नाही. पण मूल होत नाही म्हणून तपासायला येतात त्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. उपचाराने सुधारता येतील अशा कारणांत हे सगळ्यात जास्त सापडणारं. आणि ते कळतं कसं, तर डॉक्टरने उभं करून, खोकायला लावून, हाताने तपासल्यावर. पाच मिनिटांचं काम आहे.

माझा खर्च (२ वर्षांपूर्वीचा, कर्वे रोडचा): एन्ड्रॉलॉजी (पुरुषांचं वंध्यत्व) बघणाऱ्या युरोलॉजिस्टची फी १,२००, डॉप्लर सोनोग्राफी १,८००, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सच्या तपासण्या मिळून १,६००. ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखालचं, एक दिवस दाखल, सगळं धरून ७८,०००. दुसरीकडे ४५,००० सांगितले होते, पण तिथे सूक्ष्मदर्शक वापरत नव्हते. सूक्ष्मदर्शकाने केलं तर परत शिरा फुगण्याचं आणि हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं) होण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून ३३,००० जास्त दिले. आठ दिवस सुट्टी, तीन आठवडे जड उचलायचं नाही.

तीन महिन्यांनी काही फरक नव्हता. त्या रिपोर्टनंतर मी दोन रात्री झोपलो नाही. सहाव्या महिन्यात ७० लाखांवरून १ कोटी ९० लाख. दहाव्या महिन्यात बायकोला दिवस राहिले, आपसूक. आता मुलगा सव्वा वर्षाचा आहे.

पण माझ्याच ऑफिसातल्या एकाचं त्याच सर्जनने केलं, त्याचा रिपोर्ट हलला नाही. शेवटी त्यांनी इक्सी केलं. तेव्हा ऑपरेशन केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आणि फक्त डॉप्लरवर दिसणारं, हाताला न लागणारं व्हेरिकोसील असेल तर ऑपरेशनचा फायदा दिसत नाही असं मला तीनपैकी तिन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉप्लरच्या कागदावर ग्रेड वन लिहिलं आणि कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली तर दुसऱ्याला दाखवा.

---

निमिष_वाकड | १२ जून, दुपारी ४:०५

मी उलट सांगणार आहे.

बायको ३७ ची होती. माझं व्हेरिकोसील निघालं, ऑपरेशन केलं, सहा महिने थांबलो. मग आणखी चार महिने गोळ्या आणि पावडरी. त्या दहा महिन्यांत तिचा एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय ते दाखवणारा हार्मोन) १.४ वरून ०.९ वर आला. नंतर इक्सी केलं तेव्हा पहिल्या वेळी तीनच अंडी मिळाली. दोन सायकल (उपचाराच्या पूर्ण फेऱ्या) लागल्या. सगळा मिळून ४ लाख ८० हजार खर्च आला. आज मुलगी आहे, तक्रार नाही. पण ते वर्ष हातात राहिलं असतं तर कदाचित एकाच सायकलमध्ये झालं असतं, असं तिला अजून वाटतं आणि मला त्यावर उत्तर देता येत नाही.

हिशोब मांडताना पैशाच्या रकान्याशेजारी बायकोच्या वयाचा रकाना ठेवा. एएमएचची तपासणी १,५०० ते २,००० ला होते. ती न करता नवऱ्याचं ऑपरेशन ठरवू नका.

---

धायरीकर | १२ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला धागा दाखवला. ती बराच वेळ वाचत बसली होती.

तिचा एएमएच आठ महिन्यांपूर्वी केला होता, २.६. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने ठीक. मला ताप वगैरे काही नव्हता. पण कारखान्यात भट्टीजवळ दिवसाचे तीन-चार तास असतो, त्याचा काही संबंध असेल का?

निमिषदादा, तुमची पोस्ट वाचून आम्ही दोघंही गप्प झालो. ३२ आणि ३७ मध्ये फरक आहे हे कळतं, पण पाच वर्षं कशी जातात हेही आता कळलंय.

---

स्लाइडखाली | १२ जून, रात्री १०:३०

उष्णतेचा संबंध आहे. वृषण शरीराबाहेर असतात ते अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावेत म्हणूनच. भट्टीवर, बेकरीत काम करणारे, दिवसभर ट्रक चालवणारे, यांच्या बाबतीत डॉक्टर हा प्रश्न विचारतातच. तुमच्या एकट्याच्या काउंटचं कारण तेच असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण जागा बदलून मिळत असेल तर मागून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. तंबाखू, मिश्री, सिगारेट यातलं काही असेल तर आजच बंद.

---

रानजाई | १३ जून, सकाळी ८:२०

आमच्या ओळखीत सदाशिव पेठेतल्या एका वैद्यांची पुडी घेऊन तिघांना गुण आला आहे. शिवाय त्या शुक्राणूवाढीच्या गोळ्या मिळतात, झिंक, को-क्यू वगैरे असलेल्या, महिन्याला २,२०० च्या. इतके लाख घालण्याआधी सहा महिने ते करून बघायला काय हरकत आहे?

---

गुलबाक्षी | १३ जून, सकाळी ९:१५

रानजाई, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय. पण सहा महिन्यांचे १३,००० आणि सहा महिने, हे काही फुकट नाही.

झिंक आणि फॉलिक ॲसिडवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. २,३७० पुरुष होते. निम्म्यांना सहा महिने खऱ्या गोळ्या, निम्म्यांना खोट्या. मूल जन्माला येण्याचं प्रमाण एका गटात ३४ टक्के, दुसऱ्यात ३५. रिपोर्टही सुधारले नाहीत. त्याच वर्षी अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणावरचा एक अभ्यास आला, त्यातही फायदा दिसला नाही. आम्ही त्या गोळ्यांवर वर्षभरात २६,००० घातले होते, म्हणून मी हे शोधून वाचलं.

वैद्यांकडे जायचं असेल तर जावं, पण तपासणी करून, कारण कळल्यावर. ज्याची नळीच बंद आहे त्याला कुठलीही पुडी उपयोगाची नाही.

---

तालीम_नाना | १३ जून, दुपारी १२:००

जे जिमला जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ही मला कुणी सांगितली नव्हती. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की बाहेरून हार्मोन मिळतो म्हणून मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि शुक्राणू तयार होणं बंद पडतं. मी आठ महिने घेत होतो. काउंट शून्य. वर एका डॉक्टरने थकवा आहे म्हणून आणखी टेस्टोस्टेरॉनच लिहून दिलं होतं.

बंद केल्यावर, एचसीजीची (वृषणांना परत चालना देणारी) इंजेक्शनं घेऊन, अकरा महिन्यांनी काउंट परत आला. इंजेक्शनांचे ४० हजार गेले. इक्सीपेक्षा स्वस्तच पडलं, पण ते अकरा महिने माझ्या बायकोने मोजले आहेत. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घेऊ नका, कुणीही लिहून दिलं तरी आधी विचारा.

---

सह्यवारा | १३ जून, रात्री ११:४०

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझा रिपोर्ट शून्य होता. काउंट कमी नव्हे, शून्य. दुसऱ्या वेळीही शून्य. लॅबवाल्यांनी नमुना यंत्रात फिरवून तळाचा साकाही बघितला, तिथेही काही नाही. साधारण शंभरातल्या एका पुरुषाचं असं असतं हे नंतर कळलं, त्या दिवशी मी एकटाच आहे असं वाटलं होतं. टिळक रोडवर गाडी बाजूला लावून अर्धा तास बसून होतो.

खर्चाबद्दल सांगतो, कारण धाग्याचा विषय तो आहे आणि आमचे थोडे पैसे एका चांगल्या डॉक्टरमुळे वाचले.

शून्याचे दोन प्रकार असतात. एकात शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते. तिथे सुईने काढले तरी बहुतेक वेळा मिळतात आणि खर्च कमी असतो. दुसऱ्यात मुळात तयारच होत नाहीत किंवा फार थोड्या जागी होतात. माझा एफएसएच २४ आला, म्हणजे वाढलेला, वृषणं लहान, म्हणजे दुसरा प्रकार. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शोधतात, त्याला मायक्रो-टेसे म्हणतात. आमच्याकडे ९५,००० सांगितले.

त्याआधी डॉक्टरांनी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या तुटीची तपासणी करायला लावली, दोन्ही मिळून ९,५००. मला तेव्हा वाटलं होतं की हा आणखी एक खर्च. पण वाय गुणसूत्राच्या ठराविक भागांत, ए आणि बी म्हणतात त्यांना, पूर्ण तूट असेल तर ऑपरेशन करून शुक्राणू जवळजवळ मिळतच नाहीत. म्हणजे साडेनऊ हजारांत ९५,००० वाचू शकतात, आणि एक ऑपरेशनही. सी भागात तूट असेल तर मिळण्याची शक्यता राहते, पण मुलगा झाला तर तीच तूट त्याच्याकडे जाते. माझ्यात तूट नव्हती, म्हणून पुढे गेलो.

दुसरी गोष्ट क्रमाची. एका सेंटरचं म्हणणं होतं की बायकोची इंजेक्शनं सुरू करू, अंडी काढायच्या दिवशीच तुमचं ऑपरेशन करू. ताजे शुक्राणू वापरता येतात, हे खरं आहे. पण माझ्याकडून काहीच मिळालं नाही तर तिची दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल, आणि ७०,००० रुपये कशासाठी? आमच्या डॉक्टरांनी आधी माझं करू, मिळालं तर गोठवू, मग तिचं बघू असा क्रम लावला.

मिळालं नाही.

चार तास शोधलं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा बायको शेजारी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्या अंगात तेव्हा एकही इंजेक्शन गेलेलं नव्हतं, याचं मला आजही बरं वाटतं.

मग आठ महिने आम्ही काहीच केलं नाही. नंतर दात्याच्या शुक्राणूंचा निर्णय घेतला. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यानंतर दात्याचा नमुना फक्त नोंदणी झालेल्या बँकेतूनच घेता येतो, ओळखीच्या माणसाचा घेता येत नाही, दाता कोण ते आपल्याला सांगत नाहीत, आणि होणारं मूल कायद्याने आपलंच असतं. दोघांच्या लेखी संमत्या लागतात. आययूआय (नमुना थेट गर्भाशयात सोडणं) तीन वेळा केलं, नमुन्यासकट प्रत्येकी १४,०००. तिसऱ्या वेळी राहिलं.

मुलगी दोन वर्षांची आहे. माझ्या आईवडिलांना माहीत नाही. मुलीला कधी आणि कसं सांगायचं यावर आमचं बोलणं चालू आहे, सांगायचं हे मात्र ठरलंय. या गोष्टीची किंमत कुठल्याही पॅकेजच्या कागदावर नसते म्हणून लिहिलं. रात्री ती झोपताना माझी करंगळी धरून झोपते.

---

मुठाकाठ | १४ जून, सकाळी ६:५०

सह्यवारा, वाचलं. तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार मानायला शब्द पुरत नाहीत. लेकीला खूप आशीर्वाद.

---

क्लेमवाली | १४ जून, सकाळी ११:३०

विम्याच्या क्षेत्रात काम करते. खर्चाबद्दल दोन-तीन गोष्टी.

बहुतेक वैयक्तिक आरोग्य विम्यांत वंध्यत्व हा ठरलेला अपवाद असतो, पॉलिसीच्या कागदात तो एक्सक्लूजन १७ म्हणून लिहिलेला सापडेल. त्यात आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी सगळं येतं. काही नव्या पॉलिसींत आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींत थोडी रक्कम मिळते, आमच्याकडे आलेल्या एका ग्रुपमध्ये ५०,००० ची मर्यादा होती. तेव्हा एचआरला लेखी विचारा. संकोच वाटत असेल तर पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागा, कारण सांगावं लागत नाही.

व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करायचं असेल तर कॅशलेसची पूर्वपरवानगी आधी मागा. प्रतीक्षा काळ संपलाय का आणि कागदावर निदान काय लिहिलंय यावर सगळं ठरतं. खोटं कारण लिहू नका, पुढचे सगळे क्लेम अडचणीत येतात.

आणि आयव्हीएफ-इक्सीच्या बिलात जीएसटी लावला असेल तर विचारा. हे उपचार आरोग्यसेवेत मोडतात आणि त्यांना जीएसटी नाही, असं सरकारने २०२२ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे. मेडिकलमधून घेतलेल्या औषधांचं वेगळं.

पॅकेजच्या कागदावर काय नाही ते बघा. इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, दर वर्षीचं साठवणुकीचं भाडं, गोठवलेलं भ्रूण पुढे गर्भाशयात सोडण्याचा खर्च. १,८५,००० लिहिलेलं हाताशी ३ लाखांपर्यंत गेलेलं मी पाहिलंय. आणि ते पॅकेज एका सायकलचं असतं. पहिल्या वेळी राहिलं नाही तर दुसऱ्यांदा पैसे कुठून आणणार, हा प्रश्न पहिली सायकल सुरू करायच्या आधी दोघांनी बोलून घ्यावा. क्लिनिकची कायद्याखालची नोंदणी आहे ना, तेही बघा. फक्त आययूआय करणाऱ्यांची नोंदणी पहिल्या पातळीची असते, आयव्हीएफला दुसऱ्या पातळीची लागते.

---

अबोली_हडपसर | १४ जून, दुपारी ३:१५

तुम्ही सगळे पुरुष इतकं मोकळं लिहिताय म्हणून विचारते. लग्नाला चार वर्षं झाली. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, नॉर्मल आहेत. नवरा तपासणीला तयार नाही. 'आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही' म्हणतो. सासूबाई सोळा सोमवार करायला लावतात, ते मी करतेही. आता दुर्बिणीने बघू म्हणतायत, ५५,०००. तपासणी लॅबमध्ये जाऊन द्यावी लागते हेच त्याला नको आहे. मी त्याला कसं सांगू?

---

धायरीकर | १४ जून, संध्याकाळी ७:४०

अबोलीताई, मी तोच नवरा होतो. 'नाही' म्हणालो नव्हतो एवढंच, पण गप्प राहणं तेच होतं. तुमच्या दुर्बिणीच्या आधी त्याची तपासणी झालीच पाहिजे, ९०० विरुद्ध ५५,००० आहे आणि तुमच्या पोटाला भोकं पडणार आहेत. हवं तर त्याला माझी पहिली पोस्ट वाचायला द्या. एचएसजीच्या दिवशीची रिक्षा मला आयुष्यभर आठवणार आहे.

---

स्लाइडखाली | १४ जून, रात्री ८:२०

अबोलीताई, नमुना घरी घेता येतो. लॅबमधून आधी डबी आणा, आपली डबी किंवा साधा कंडोम वापरायचा नाही, कंडोमवरच्या रसायनाने शुक्राणू मरतात. साबण, तेल, थुंकी काही नको. नमुना एका तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि तोवर अंगाच्या उबेला राहिला पाहिजे, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात. पावसाळ्यात तर नक्कीच. हडपसरहून डेक्कनला यायचा विचार करू नका, मगरपट्ट्याच्या चौकातच अर्धा तास जाईल. जवळची लॅब बघा आणि वीर्यतपासणी तिथेच करतात की नमुना दुसरीकडे पाठवतात ते फोनवर विचारून घ्या. नमुना तुम्ही नेऊन दिलात तरी चालतो, त्यांनी यायलाच हवं असं नाही. फॉर्मवर वेळ मात्र खरी लिहा.

---

धायरीकर | २८ जून, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला.

युरोलॉजिस्टना दाखवलं. उभं करून तपासलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, डाव्या बाजूला ग्रेड थ्री आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतंय. इतकी वर्षं ते तिथेच होतं. एफएसएच नॉर्मल, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. आतापर्यंत या फेरीचा खर्च ४,९००.

ससूनच्या (सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीतही जाऊन आलो. तिथे पैसे फार कमी लागले असते, पण आमच्या वेळेचा हिशोब निमिषदादांनी मांडला तसा आहे, म्हणून बाहेर करायचं ठरवलं. १२ जुलैला ऑपरेशन, ८१,००० सांगितलेत. विम्याची परवानगी मागितली आहे, अजून उत्तर नाही. नाही मिळाली तर साठलेल्यातून.

बायकोने एएमएच परत केला, २.४. दोघांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की जानेवारीपर्यंत थांबायचं. ऑक्टोबरमध्ये एक तपासणी, जानेवारीत दुसरी. हलत्या शुक्राणूंचा आकडा वाढला तर आणखी सहा महिने स्वतःहून किंवा आययूआय. नाही वाढला तर इक्सी, तेव्हा हातात १ लाख ९० हजारांच्या आसपास असतील आणि बाकीचे तिच्या भिशीतून. इक्सीचा विचार सोडलेला नाही, मागे ठेवलाय. भट्टीवरून बदली मागितली, सुपरवायझरने कारण विचारलं. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या भावाचंही हेच चालू आहे.

त्या सेंटरचा फोन परवा परत आला. बायकोने उचलला आणि विचारलं, माझ्या नवऱ्याला तुमच्याकडे कुठल्या डॉक्टरने तपासलं होतं? मग फोन आला नाही.

---

निमिष_वाकड | २८ जून, रात्री १०:४०

छान ठरवलंत. जानेवारीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती पुढे सरकू देऊ नका. वहिनींना नमस्कार सांगा.

---

अबोली_हडपसर | ६ जुलै, सकाळी ११:०५

धायरीकरदादा, तुमची पोस्ट त्याला दिली होती. वाचून काहीच बोलला नाही, तीन दिवस नीट जेवलाही नाही. काल रात्री विचारलं, डबी कुठे मिळते.

आज सकाळी मी घेऊन गेले. सोलापूर रोडवर पाऊस होता, डबी ब्लाउजच्या आत ठेवली होती. पस्तीस मिनिटांत पोचले. तो मागून स्वतःच्या गाडीवर आला, आत आला नाही, बाहेर टपरीवर उभा राहिला. रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळणार आहे. आणायला तो जाणार आहे म्हणतो.

---

स्लाइडखाली | ६ जुलै, सकाळी ११:३०

रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, काहीही आले तरी. गुणाकार मी करून देतो.